येणाऱ्या मशिनीचा मास्तर

केजला माझं शिलाईचं दुकान होतं तेव्हा विलासमास्तर आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. लग्नात कीबोर्ड वाजवणारा. आमच्याकडे पेटी, क्लॅरिनेट, कीबोर्ड, यातलं काहीही ज्याच्या बोटाखाली आलं तो मास्तर. त्याला अहोजाहो करायला पाहिजे हे मला कळतं, पण ते कधी तोंडातून निघालं नाही, तर आता कागदावर कुठून निघणार? वयानंही माझ्यापेक्षा लई लहान. तेव्हा मी त्याला अरेतुरेच करते, राग मानू नका.

दिसायला बाकी देखणा होता हो. पांढरे बूट, काळा चष्मा, आणि भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर. मी एकदा विचारलं, अरे उकडत न्हाई का? तर म्हणे, "कलाकाराला गळा जपावा लागतो मावशी." आता गाणारी त्याची बायको. ती बिचारी बर्फाचा गोळाही खायची, आंबट चिंचाही खायची, उन्हात डोक्यावर पदर घेऊन पाणीही भरायची. गळा तिचा आणि मफलर ह्याला.

मंदा तिचं नाव. मंदाकिनी. तिच्याबद्दल आधी सांगते, कारण विलासमास्तर जो काही होता तो तिच्यामुळं होता, आणि हे केजातल्या सगळ्यांना माहीत होतं, एक त्याला सोडून. आता लग्नात भटजी एकटे मंगलाष्टकं म्हणत नाहीत. गाणारी बाई लागते, मागं कीबोर्ड लागतो, ढोलकी लागते. मंदा अंतरपाटाशेजारी उभी राहून पहिली ओळ उचलायची आणि मांडवातली गडबड जागच्या जागी बसायची. पोरीच्या आईला तर ती हमखास रडवायची. लोक तारखा तिला बघून द्यायचे. पण फोन नंबर मास्तरचा, कार्डावर नाव मास्तरचं, आणि मंदाचं नाव खाली बारीक, जिथं छापखान्याचं नाव असतं त्याच्या जरासं वर.

आणि वाजवायचा कसा? ते आता मला गफूरभाईनं समजावून सांगितलं म्हणून कळलं. गफूरभाई म्हणजे त्यांचा ढोलकीवाला, शांत माणूस, पान खाऊन हसणारा. तो म्हणाला, बहनजी, मंदाबाईचा गळा काळी पाचला खुलतो. काळी पाच म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी, तिथं तिचा सा लागतो. पण मास्तरची बोटं पांढऱ्या पट्ट्यांवर चालणारी. काळ्यांवर गेली की अडखळायची. कीबोर्डाला एक बटण असतं म्हणे, ते दाबलं की पांढऱ्या वाजवल्या तरी सूर काळीचा निघतो. मास्तर ते बटण दाबायचा नाही. का? तर "ती लबाडी झाली." मग काय करायचा? पांढऱ्या पट्टीत वाजवायचा आणि बायकोला तिथं ओढायचा. ती बिचारी खाली घोगरी व्हायची आणि वर ताणायची, आणि घरी आल्यावर गरम पाण्याच्या गुळण्या करायची. बटणाची लबाडी नको होती त्याला.

दुकानात येऊन बसायचा माझ्या. काम काही नाही, ब्लाउजवाल्या बायका आल्या की त्यांना ऐकवायला. माझं पायमशीन चालू असलं की मान तिरकी करून ऐकायचा. "मावशी, तुमची मशीन पांढरी दोनमधी चालतीय. जरा उतरलीय." शेजारी कुकरची शिट्टी झाली की, "हं, कोमल गंधार." एकदा एका बाईचं तान्हं रडायला लागलं तर ह्यानं त्याचाही सूर सांगितला. ती बाई म्हणाली, "भाऊ, सूर ऱ्हाऊ द्या, ती दुधाची बाटली द्या इकडं." बाटली त्याच्या हाताशीच होती. त्यानं दिली नाही. मान तिरकी करूनच बसला.

त्याचं एक पालुपद होतं. काहीही म्हणा, "थांबा, मशीन येऊ द्या."

ही मशीन म्हणजे परदेशातल्या कुठल्याशा कंपनीचा सिंथेसायझर. पॉलिफोनिक ॲनालॉग. हे दोन शब्द मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलेत की मला झोपेतून उठवून विचारा. पॉलिफोनिक म्हणजे आठ पट्ट्या एकदम दाबल्या तरी आठही सूर वाजतात. आणि ॲनालॉग म्हणजे सूर आधी भरून ठेवलेला नाही, आत विजेवर जागच्या जागी तयार होतो, ताजा. "चिपमधला सूर म्हणजे प्लास्टिकचं फूल मावशी. ह्यो म्हणजे बागेतला मोगरा." असली मशीन पूर्वी राजेरजवाड्यांना परवडायची, आता पहिल्यांदाच आपल्यासारख्याला घेता येईल अशी काढणार होते म्हणे. कंपनीनं फोटो टाकला होता. तो फोटो मास्तरनं मला दाखवला, माझ्या गिऱ्हाइकांना दाखवला, पोस्टमनला दाखवला, देव्हाऱ्याशेजारी चिकटवायचा तेवढा राहिला.

तो एकटाच वेडा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. सगळ्या तालुक्यातले वाजवणारे तिच्यावर डोळे लावून होते. फोनवर त्यांचा ग्रुप होता आणि आठवड्याचा बाजार झाला की मास्तरच्या ओट्यावर बैठक. चहा मंदा करायची. घाटनांदूरचा बाळू यायचा, तोही कीबोर्डवालाच, धारूरकडचे एकदोघं यायचे, गफूरभाई कोपऱ्यात. माझं दुकान ओट्याला लागून, मला सगळं ऐकू यायचं.

बाळू म्हणायचा, "मास्तर, बासरीची मींड, ती सुरावरनं सुरावर घसरत जाती ती, निघंल का वो तिच्यात? आपल्या कीबोर्डावर बासरी म्हंजी नुसती शिट्टी."

"मींड? अरे, मींडच काय, फुंकर ऐकू यील फुंकर."

"आन सनई?"

"सनई तर आशी वाजंल की सनईवाल्यानं घरी बसावं."

एक धारूरचा क्लॅरिनेटवाला होता, त्याला फुफ्फुसाचा त्रास. फुंकणं जमत नव्हतं आता. तो हळूच विचारायचा, "मास्तर, बोटानं वाजवून क्लॅरिनेटवानी निघंल ना?" त्याचा चेहरा बघून मलाच सुई टोचल्यासारखं व्हायचं. मास्तर त्याच्याकडं न बघता म्हणायचा, "निघतंय, निघतंय."

गफूरभाईनं एकदाच विचारलं. "मास्तर, उसमें ठेका रहता क्या? ताल?"

"सगळं ऱ्हातंय बे. कशाला शंका काढतो?"

"नहीं, मैं पूछा. अपनी रोटी उसी पे है ना."

सगळे हसले. गफूरभाईही हसला. मास्तरला मात्र उत्तर माहीत नव्हतं, हे मला भिंतीपलीकडून कळलं. ज्याला माहीत असतं तो असं दटावत नाही. रोज त्या मशिनीचे व्हिडिओ बघायचा, पण ते परक्या भाषेतले. हा आवाज बंद करून बटणं बघायचा. पुढचं सगळं मनातलं.

बरं, माणसानं आशा करू नये असं मी म्हणते का? मीही नव्या शिलाई मशीनची आशा केली. पण जुनीवर पाय मारता मारता केली. ह्यानं काय करावं? लगनसराई तोंडावर आली आणि ह्यानं चालता कीबोर्ड विकून टाकला. मशीन येणार, मग हे भंगार कशाला? वर मंदानं भिशीतून साठवलेलं होतं त्यात हात घातला. ती माझ्याकडं येऊन गुंड्या लावत बसली. डोळ्यात पाणी नाही काही नाही, पण गुंडीच्या एकाच भोकात तिनं तीनदा सुई घातली.

"मावशी, आक्खी लगनसराई हातातनं चाललीय. घाटनांदूरचं लगीन आलतं, ह्येंनी सांगितलं थांबा. त्येंचं लगीन थांबतंय व्हय?"

"मग तू जा की. बाळूला घे संगं."

"ह्येंनी बाळूला सांगून ठिवलंय, मंदाला इचारायचं न्हाई म्हणून."

आणि त्याच आठवड्यात गफूरभाईला काढलं. कसं काढलं? ओट्यावर, सगळ्यांसमोर, चहाचा कप हातात देऊन. "गफूरभाई, आता ढोलकीचं काम न्हाई ऱ्हायलं. मशिनीपुढं कातडं शोभत न्हाई." गफूरभाईनं चहा पूर्ण प्यायला. कप धुऊन ठेवला. "ठीक है मास्तर. आपकी मशीन को मेरा सलाम." आणि ढोलकी खांद्याला लावून एसटीकडं चालता झाला. मास्तर आमच्याकडं वळून म्हणाला, "कलाकारानं काळाबरोबर चाललं पाहिजे." मला त्या क्षणी कात्री भिरकावावीशी वाटली. नव्या धारेची होती म्हणून नाही भिरकावली.

कंपनी तारीख द्यायची आणि पुढं ढकलायची. मांडव उठत गेले. मंदा घरात पापड लाटायची आणि लाटता लाटता गुणगुणायची, ते काळी पाचमध्ये, हे मला आता कळतं.

मग आली एकदाची. पुण्याहून पार्सलच्या गाडीनं. मास्तरनं सगळ्यांना बोलावलं. पाटावर ठेवली, हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडायला निघाला तेव्हा बाळूनं हात धरला, "मास्तर, पाणी उडंल आत." मग नारळ उंबऱ्यावर फोडला. मशीन चालू केली, पट्टी दाबली. आवाज नाही. पुन्हा दाबली. नाही. क्लॅरिनेटवाला म्हणाला, "तापायची असंल." शेवटी बाळूनं मागं वाकून बघितलं. "मास्तर, हिच्यात स्पीकरच न्हाई. बाहीरचा जोडाया लागतोय."

जोडला. आणि पहिला सूर निघाला. खोटं कशाला बोलू, असा जाड, ऊबदार, मधासारखा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मास्तरच्या डोळ्यात पाणी. त्याच्या डोळ्यातलं मी पाहिलेलं तेवढंच खरं पाणी. पुढं तो काय वाजवतो म्हणून सगळे वाट बघत होते. त्यानं तोच सूर पुन्हा वाजवला. मग पुन्हा. मग एक गोल बटण फिरवलं आणि तोच सूर जरा वेगळा वाजवला.

"मास्तर, ठेका लावा की," बाळू म्हणाला.

मास्तर बटणं शोधायला लागला. या टोकाची, त्या टोकाची. सनई शोधली, बासरी शोधली. ठेका नव्हताच. सनई नव्हती, बासरी नव्हती, नुसता कच्चा सूर, त्याचं जे करायचं ते ज्यानं त्यानं करावं. येत असेल त्याला सगळं निघत असेल तिच्यातून, मी मशिनीला नावं ठेवत नाही. पण ते यायला बसावं लागतं, आणि बसणं म्हणजे मास्तरला शिक्षा. क्लॅरिनेटवाला चपला घालून गेला. ढोलकीवाला तर आधीच घालवलेला.

तरी त्यानं लग्न घेतलं. केजजवळच, दुपारचं. मांडवात पत्र्याखाली जीव उकळत होता. मीही होते, नवरीचे ब्लाउज माझ्याकडचे. मास्तरनं मशीन स्टेजवर मांडली आणि बघतो तर तिचा सूर हलायला लागलेला. विजेवर सूर तयार होतो ना, मग उष्ण झालं की तो सरकतो. सगळ्यांना घाम येतो तसाच तिलाही. बाळूनं सांगितलं होतं म्हणे त्याला, की हिला एका जागी ठेवून तापू द्या, मग हलवू नका. पण ऐकणार कोण? त्यानं काय करावं? नवरीकडं तोंड करून ठेवलेला कूलर उचलून मशिनीकडं फिरवला.

नवरीचे मामा धावले. "ओ मास्तर, पोरगी घेरी यून पडंल!"

"पोरीला पंखा हाय. हिला थंड लागतंय."

"हिला म्हंजी कुणाला?"

"मशिनीला."

त्या मामांचा चेहरा मी विसरणार नाही. पण पाहुण्यांसमोर भांडण नको म्हणून ते बाजूला झाले. गार वाऱ्यावर मशीन सुरात बसली. मंगलाष्टकं सुरू झाली. मंदानं उचललं, मांडव शांत झाला. अंतरपाट धरलेला. आणि त्या मामांनी काय केलं, पाठीमागून कूलर गुपचूप नवरीकडं परत फिरवला.

दुसरं कडवं येईपर्यंत मशीन तापली. सूर निसटला. मंदा जागच्या जागी होती, अगदी खुंटीला बांधल्यासारखी, पण मागचा सूर खालून सरकत चाललेला. ऐकायला कसं वाटत होतं सांगू? जिना चढताना पायरीच हलावी तसं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आणि मास्तर माईकवर, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मंदा, सूर धर."

हे त्यानं म्हटलं बघा. त्याला सूर कळत होता. कुकरच्या शिट्टीचा कळायचा, लेकराच्या रडण्याचा कळायचा. कोण सरकतंय हे त्याला कळलं नसेल? कळलं होतं. मशिनीला बोल लावायचा नव्हता, म्हणून बायकोला लावला. माझा त्याच्यावरचा सगळा राग तिथं थंड झाला. राग माणसावर येतो. मला त्याची किळस आली.

मंदा थांबली. मास्तर म्हणाला, "एक पाच मिनिटं, ट्यूनिंग चालू हाय."

भटजी भडकले. "मुहूर्त काय तुमच्या यंत्रासाठी थांबणार आहे?"

नवरदेवाच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर उतरलेलं. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आलेले. मंदानं एकदा नवऱ्याकडं बघितलं. मग माईक स्टँडवरून काढला, दोन पावलं पुढं गेली, त्याच्याकडं पाठ केली आणि वरच्या पट्टीत, स्वतःच्या, मोकळ्या गळ्यानं उचललं. मागं काही नाही. कीबोर्ड नाही, ढोलकी नाही. मी तिचं गाणं इतकी वर्षं ऐकलं होतं, भिंतीपलीकडून, मांडवातून, पापड लाटताना. पण तिचा आवाज एवढा आहे हे मला त्या दिवशी कळलं. सावधान म्हटलं तेव्हा अक्षता टाकायचंही लोकांना क्षणभर सुचलं नाही.

मास्तर तोवर मशिनीवर वाकून होता. अक्षता तिच्या पट्ट्यांमध्ये अडकल्या म्हणून शिव्या देत होता.

त्याच मांडवात दोघांनी मंदाचा नंबर मागितला. तिचा. तिनं दिला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं येऊन म्हणाली, "मावशी, तुमच्या शटरवर माझं नाव लिवू का?" मी म्हटलं, मोठ्या अक्षरात लिही. तिनं स्वतः घाटनांदूरला जाऊन बाळूला आणलं, आणि गफूरभाईच्या घरी गेली. गफूरभाईनं तिला बसायला पाट दिला म्हणे, आणि ढोलकी आतून आणून नुसती मांडीवर घेतली. "कब से?" एवढंच विचारलं.

तुम्हाला वाटेल, मास्तर चिडला असेल, आदळआपट केली असेल. छे. चिडायला निदान काही हरवल्याचं कळावं लागतं. तो खुशीत होता. आता लग्नांची कटकट नाही. सकाळी उठून मशीन चालू करायचा, तापत ठेवायचा, एक सूर दाबून बटण फिरवायचा, ग्रुपवर त्याचा व्हिडिओ टाकायचा. जेवायला वाढलं की यायचा. मंदा वाढायची. मी तिला एकदा म्हटलं, अगं, कशाला? तर म्हणाली, "टाकून कुठं देणार, मावशी? घेईल कोण?" आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की माझं शिवण उसवलं.

पुढं माझे गुडघे गेले, दुकान उचललं आणि मी परळीला लेकीकडं राहायला आले. मास्तरला शेवटचं पाहिलं ते धारूरला, आमच्या एका नात्यातल्या लग्नात. गाण्याला मंदाच होती. बाळूचा साधा कीबोर्ड, बटण दाबून काळी पाच केलेली, आणि गफूरभाईची ढोलकी. मास्तर पाहुण्यांच्या खुर्च्यांत बसला होता, माझ्या पुढच्या रांगेत, मफलर घालून. शेजारच्या एका बाईनं पदरानं डोळे पुसत त्याला विचारलं, "कोण वो ही गानारी? आमच्याकडं पायजे हिला." मास्तरनं मान तिरकी केली, ऐकलं, आणि म्हणाला, "बरी हाय. मागचा टोन लई प्लास्टिक हाय."

बायको आहे म्हणून सांगितलं नाही. लाजला असेल म्हणाल तर लाजलाही नव्हता. ते सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही.

जेवणं झाल्यावर केजकडं जाणारी जीप आली. मंदाची मंडळी सामान भरत होती. मी तिला भेटायला गेले तेव्हा मास्तर पुढचं दार उघडून ड्रायव्हरशेजारी बसायच्या बेतात होता. पांढरे बूट पायरीवर चढलेले. मंदानं माझा हात न सोडताच वळून सांगितलं, "तिथं गफूरभाई बसतील. तुमी मागं बसा, स्पीकर धरून. घाटात हलत्यात त्ये."

मला वाटलं, आता तरी काही बोलेल. तोंड वाकडं करेल. एवढं केलं असतं तरी मी त्याच्याबद्दल जरा बरं लिहिलं असतं. त्यानं मान हलवली, मागं गेला, दोन स्पीकरांच्या मध्ये पाय लांब करून बसला. ऐसपैस जागा मिळाली म्हणून त्याचा चेहरा खुललेला मी स्वतः बघितला. जीप निघाली. गफूरभाईनं पुढून मला हात केला, मंदानं केला, बाळूनं केला. मास्तर फोन डोळ्याशी धरून बसला होता, आणि एका हातानं स्पीकर धरायचा होता, तोही धरलेला नव्हता.